जावेच्या हातचं

डोकं कशानं दुखतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मिक्सरच्या आवाजानं, ट्यूबलाइटच्या उजेडानं आणि साक्षीनं. डॉक्टर हसले. साक्षी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती माझी फाइल मांडीवर घेऊन शेजारच्याच खुर्चीत बसली होती, तीही हसली. मी मस्करी केली नव्हती. पण डोक्याला मार लागलेल्या माणसानं खरं बोललं तरी लोक ते सुधारणेत धरतात. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं, ताई आता विनोद करायला लागल्या, आणि सासूबाईंनी त्या आनंदात शिरा करायला लावला.

शिराही साक्षीनंच केला.

मी जयमाला. वय त्रेचाळीस. किहीमच्या अलीकडे आमची वाडी आहे, घरामागे नारळीची अकरा झाडं आहेत आणि पुढे अंगण. नवरा प्रफुल्ल न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, आठवड्यातले पाच दिवस तिकडेच खोलीवर असतो. दीर संघर्ष मांडव्याच्या जेट्टीवर. मुलगा पुण्याला शिकतो. म्हणजे दिवसभर घरात बायकाच, मी, सासूबाई आणि ही साक्षी. चार वर्षांपूर्वी पेणहून लग्न होऊन आली. बी.ए. झालेली, आवाज बारीक, आणि कामाला अशी की सांगायची सोय नाही. सांगायच्या आतच झालेलं असतं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून!

चौदा महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, मी प्रफुल्लच्या गाडीवर मागे बसून चोंढीच्या बाजारातून घरी येत होते. वाटेत कुणीतरी आपल्या बंगल्यासमोर नवा स्पीडब्रेकर घालून ठेवला होता, त्याला ना पट्टे ना पाटी. गाडी उडाली, मी उडाले. प्रफुल्ल गाडीवरच राहिला, मी डोक्यावर पडले. हेल्मेट होतं, पण ते त्याच्या डोक्यात होतं. यार्डात हेल्मेटशिवाय गेटातून आत सोडत नाहीत, म्हणून त्याला सवय. बायकोला कुठल्या गेटातून आत जायचंय!

पुढचे एकवीस दिवस माझ्याकडे नाहीत. त्या दिवसांत मी डोळे उघडले, बोलले, नर्सला शिव्या घातल्या, सासूबाईंना शाळेतल्या बाई समजून हात जोडले, हे सगळं मला साक्षीनं सांगितलेलं. दवाखान्यात दिवसभर माझ्यापाशी तीच असायची. मी काय काय बडबडले ते तिला ठाऊक आणि मला नाही. स्वतःच्या घरातली एक खोली दुसऱ्याच्या कुलपात असावी तसं मला व्हायचं. मी खोदून विचारलं की ती म्हणायची, "काय नाय ओ ताई, असंच इकडचं तिकडचं बोलायच्या."

घरी आले तेव्हा उठून मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागायची. दोन शब्द बोलले की तिसरा सापडायचा नाही. झाऱ्याला मी "ते भोकांचं" म्हणायचे. सगळ्यात वाईट माझा राग. आधीही मी काही गरीब गाय नव्हते, पण आता राग यायच्या आत हातातली वस्तू सुटायची. दोन कप, एक स्टीलचा डबा आणि संघर्षचा मोबाइल. डॉक्टर म्हणाले, याला वेळ लागतो, दोन वर्षं, तीन वर्षं, धीर धरा. धीर सगळ्यांनी धरला. स्वयंपाकघर साक्षीनं धरलं.

आता मसाल्याचं सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल.

आमच्या घरचा वर्षाचा मसाला मी करायचे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती झाली की मिरच्या अंगणात पडायच्या, आणि महिना संपायच्या आत मसाला बरणीत. तो मसाला साऱ्या वाडीत प्रसिद्ध. बुद्ध पौर्णिमेला विहारात जेवण असतं, दोनशे पान उठतं, त्यातल्या भाजीला मसाला आमच्या घरचा जातो. म्हणजे माझ्या हातचा. महिला मंडळाच्या बायका वाटी घेऊन यायच्या नि जाताना हळूच विचारायच्या, "जयमाला, तू यात घालतेस तरी काय?" मी म्हणायचे, "जे तुम्ही घालता तेच."

ते खोटं होतं. मी तिरफळं घालायचे. माझी आई दापोलीकडची, तिच्याकडून शिकलेली गोष्ट. तिरफळं माशाच्या कालवणात घालणारे आहेत, पण आमच्या वाडीत मसाल्यात कुणी घालत नाही. आतलं काळं बी काढून टाकायचं, नुसती सालं घ्यायची, आणि सगळं भाजून झाल्यावर, गॅस बंद करून, कढईच्या उरलेल्या उबेवर परतायची. जास्त झाली तर मसाला कडवट होतो. हे कुणाला दिसू नये म्हणून मसाला भाजताना मी सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे. खिडकी बंद, दाराला कडी. सासूबाई म्हणायच्या, "मालेची पूजा बसली." त्या हसायच्या, पण त्यांनीही वीस वर्षांत कधी आत डोकावलं नाही.

अपघात झाला त्या वर्षी मसाला साक्षीनं केला. करणारच, मी पलंगावर होते. मला तिनं विचारलं, "ताई, काय काय घालू?" मी धणे, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, सगळं सांगितलं. तिसरा शब्द न सापडणारी मी, पण तिरफळ मात्र पक्कं लक्षात होतं, आणि तेवढंच सांगितलं नाही. पलंगावर पडल्या पडल्या मला फार बरं वाटलं. आजारपणात तेवढं एक औषध लागू पडलं म्हणा ना.

आणि ते पुढे वर्षभर लागू पडत राहिलं. साक्षी कालवण करायची, सगळे जेवायचे, आणि संघर्ष, तिचा स्वतःचा नवरा, म्हणायचा, "मस्त झालंय. पण वहिनीच्या मसाल्याची सर न्हाय." सासूबाई म्हणायच्या, "तिचा हातच येगला." प्रफुल्ल शनिवारी घरी आला की पहिल्या घासाला थांबायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "जयू, तू लवकर बरी हो बाई." साक्षी खाली मान घालून वाढत राहायची. मी दिवसभर त्या एका वाक्याची वाट बघायचे. सकाळी तिनं माझी वेणी घातली, गोळ्या काढून दिल्या, मला धरून अंगणात चार फेऱ्या मारल्या, की माझ्या पोटात जळायला लागायचं. ही चालते कशी ताठ, हिला एकाच वेळी गॅसवर दूध आणि फोनवर आई कशी जमते, हिला बाजारातल्या सतरा वस्तू न लिहिता कशा आठवतात! मग जेवताना कुणीतरी म्हणायचं, वहिनीची सर नाही, आणि माझी आग विझायची.

मलाही तिच्या हातचं बेचव लागायचं. नुसतं बेचव नाही, ओला कागद चावल्यासारखं. मी ते तोंडावर सांगायचे. "हाताला चवच न्हाय तुझ्या, पेणला पोह्याचे पापडच खात होतीस का जन्मभर?" ती दुसऱ्या दिवशी लसूण जास्त घालायची.

ऑगस्टमध्ये एकदा घरात कुणी नव्हतं. मला सुक्या बोंबलांची आठवण झाली. फळीवरची बरणी काढली, झाकण उघडलं, आणि नाक आत घातलं. काहीच नाही. सुके बोंबील, ज्यांचा वास शेजारच्या घरातून पाहुण्यांना पळवून लावतो, ते माझ्या नाकाखाली होते आणि मला काही कळत नव्हतं. मी एक हातात घेऊन चुरला. मग हिंगाची डबी. मग रॉकेलची बाटली. मग शेवटी न्हाणीघरातलं फिनेल. फिनेलनं डोळ्यांत पाणी आलं, नाकात चरचरलं, पण वास नाही.

म्हणजे साक्षीच्या हाताला चव होती. माझ्या नाकाला नव्हती.

नंतर मी डॉक्टरांना आडून आडून विचारलं, माझ्या ओळखीच्या एका बाईला असं होतं म्हणून. त्यांनी सांगितलं, डोकं आपटलं की वासाची नस तुटू शकते. कधी परत येते, कधी नाही. वर्षभरात आली नाही तर फारशी आशा धरू नका म्हणावं त्या बाईंना.

मी घरी कुणाला सांगितलं नाही. का, ते सांगते. चालायला मी शिकत होते, शब्द सापडायला लागले होते, भांडी फेकणं कमी झालं होतं. ते सगळं परत येणार होतं. पण मसाला नाकावर असतो. धणे कधी उतरवायचे हे डोळ्याला कळायच्या आधी नाकाला कळतं. नाक नाही म्हटल्यावर मसाला साक्षीकडे गेला असता, कायमचा. मग जे एक वाक्य ऐकून मी जगत होते, तेही बंद. या घरात मी मग गोळ्या खाणारी, वेणी घालून घेणारी, एवढीच उरले असते. म्हणून मी पातेल्यावरचं झाकण उचलून नाक ओढायचे, "हं, लसूण कमी" म्हणायचे, आणि साक्षीला नावं ठेवणंही चालूच ठेवलं. खरं कळल्यावरसुद्धा. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

या वर्षी जयंती झाली आणि मी जाहीर केलं, "मसाला मी करणार."

सासूबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. संघर्ष म्हणाला, "वहिनी इज बॅक!" साक्षीनं फक्त विचारलं, "ताई, झेपंल ना? धूर, उजेड, सगळं असतंय. मी थांबते बाजूला."

"कशाला? बघायला?"

"न्हाय ओ. लागलं तर."

"लागलं तर हाक मारीन. तू अंगणात मिरच्या परत."

माझी तयारी पक्की होती. वास नाही तर नाही, बाकी सगळं आहे. धणे तडतडायला लागले की किती वेळानं उतरवायचे, याचा अंदाज मी मनातल्या मनात महिनाभर बांधला होता. मोबाइलवर टायमर लावायचा. रंग बघायचा. मिरच्यांचं तर सोपं, त्यांचा ठसका लागतो, तो मला अजून लागायचा. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी सवयीप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं, खिडकी लावली, दाराला कडी घातली. ट्यूबलाइट लावली तर कपाळात कळ येते, म्हणून ती बंदच ठेवली. वीस वर्षं कडी लावून बसले, पण तेव्हा आत माझं नाक माझ्यासोबत असायचं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

जिरं, लवंग, दालचिनी नीट झालं. थोडं थोडं होतं. मग धणे घेतले, मोठी कढई. टायमर लावला. हलवत होते. तडतड सुरू झाली. मग हात दुखायला लागला, मग खांदा, आणि मग तो थकवा आला जो मार लागल्यापासून सांगून येत नाही. कुणीतरी मागून डोक्यावर ओली गोधडी टाकावी तसा येतो. मी ओट्याला टेकले. झारा हातात होता, पण हात हलत होता की नाही, सांगता येणार नाही. टायमर वाजला असेल. त्या आवाजानं मी दचकून फोन बंद केला असेल, कारण नंतर तो पिठाच्या डब्यात सापडला.

दारावर धडाधड हात पडले. "ताई! कडी काढा! ताई, करपतंय!"

मी कढईत बघितलं. अंधारात मला धणे ठीकच दिसत होते. कडी काढली तशी साक्षी मला ओलांडून आत आली, गॅस बंद केला, पदरानं कढई उतरवली आणि खिडकी उघडली. उजेड आला. दोन किलो धणे काळे कोळसे झाले होते. धूर सगळ्या घरात होता, आणि त्या धुराच्या मधोमध मी अशी उभी होते, जशी देवळात.

मला लाज वाटायला हवी होती. मला आला राग.

"चोरून बघायला आलीस ना? वर्षभर टपून बसलीयस. मी काय घालते ते बघायचं होतं ना तुला?"

साक्षीनं कढई खाली ठेवली. तिचा चेहरा धुरानं लाल झाला होता. चार वर्षांत मी तिला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"मला कशाला बघायला पाहिजे? तिरफळं घालता तुम्ही. बिया काढून, नुसती सालं. गॅस बंद करून, उबेवर. अर्धी वाटी. जास्त झाली की कडू होतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच! दवाखान्यात. माणसं ओळखत न्हवता तुम्ही, पण मसाला सांगायच्या. परत परत. मला तुमची बहीण समजायच्या नि सांगायच्या, आईला बोलू नको, मी तुला शिकवते. आठ-धा वेळा ऐकलाय मी तो."

माझ्या त्या कुलपातल्या खोलीत काय होतं, ते असं कळलं. वर्षभर मी जे छातीशी धरून बसले होते, ते मी आधीच, स्वतःच्या तोंडानं, तिलाच देऊन टाकलं होतं.

"मग मागच्या वर्षी घातली का न्हाईस?" मी विचारलं.

"कशी घालू? तुम्ही उठून बसत पण न्हवता. मी घातली असती नि सगळे म्हणाले असते, झालं की वहिनीसारखं, तर तुम्ही काय केलं असतं? भिंतीकडं तोंड करून पडून राहिला असता." तिचे डोळे भरले, पण ते माझ्यासाठी नव्हते. "आणि मला काय वाटत न्हाय का? वर्ष झालं मी ऐकते, बरं झालंय पण वहिनीची सर न्हाय. संघर्ष बोलतो, आई बोलतात, भाऊजी बोलतात. आणि मला म्हाईत असतं, मला जमतं. मुद्दाम कमी करायचं, नि वर तुमच्या तोंडून ऐकायचं, हाताला चव न्हाय. जळते मीपण, ताई. तुम्ही पलंगावरून जिंकता. तुम्हाला उठायला पण लागत न्हाय."

बाहेरून सासूबाईंची हाक आली. "काय करपलं गो? वास कसला आलाय एवढा?"

मी तोंड उघडलं. साक्षी माझ्या आधी बोलली. "माझ्याकडून धणे करपले, आई! ताईंनी मला हलवायला दिलं होतं."

"तरी सांगत व्हते," सासूबाई ओसरीवरूनच ओरडल्या, "तिच्या कामात हात घालू नको म्हनून! तुला न्हाय जमायचं ते!"

साक्षीनं डोळे पुसले आणि काळे धणे गोणपाटात ओतायला लागली. तिच्यावर ओरडावं, तिला मिठी मारावी, की ते धणे तिच्या डोक्यावर ओतावेत, मला काही ठरवता येईना. माणूस किती चांगलं असावं याला काही मर्यादा! मी वर्षभर जिच्यावर जळत होते, ती मला जिंकू देत होती. पत्त्यांत लहान पोरांना देतात तसं. आता तर ती माझा गुन्हाही घेऊन चालली होती, माझ्यासाठी तेवढाही ठेवत नव्हती.

वास आला नाही का, असं तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं. "तुला कधीपासून म्हाईत हाय?" मी म्हणाले. "माझ्या नाकाचं."

"गणपतीच्या सुट्टीत दूध उतू जाऊन जळलं, तुम्ही तिथंच बसून पेपर चाळत होता. तवापासून."

मी स्टुलावर बसले. संघर्षला तिनं फोन करून नवे धणे आणायला सांगितले. ते आल्यावर तिनं भाजले. मी बघत होते. ती झारा उलट्या बाजूनं फिरवते, मला ते पहिल्यापासून आवडत नाही. मध्येच तिनं मान किंचित वर केली, नाकपुड्या हलल्या, आणि कढई उतरवली. त्याच क्षणी. ना टायमर बघितला, ना रंग. प्रफुल्लनं दुसरी बायको आणली असती तरी मी इतकी जळले नसते.

सगळं झाल्यावर मी कमरेची पुरचुंडी सोडली. तिरफळं निवडून ठेवलेली होती. तिच्यापुढे ठेवली.

"घाल."

"तुम्ही घाला ना."

"मला कळणार न्हाय किती परतायचं ते. घाल म्हटलं ना!"

तिनं घातली. कढईच्या उबेवर परतली, आणि परतताना तिचे डोळे आपोआप मिटले. तो वास कसा असतो मला आठवत होतं, म्हणजे आठवतो असं मला वाटत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी मसाला चोंढीच्या डंकावरून कांडून आला. आमच्याकडे नव्या मसाल्याचं पहिलं कालवण सगळ्यांनी एकत्र बसून खायचं असतं. रविवारी प्रफुल्ल घरी होता, संघर्षनं सुट्टी घेतली, सकाळीच ओले बोंबील आले. सकाळी विहारातली वंदना आटोपून आल्यावर मी जरा पडले, आणि कालवण साक्षीनं केलं. एवढं घरात कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यांच्या मते ज्या स्वयंपाकघरात मी कडी लावून बसले होते, तिथून आलेलं सगळं माझंच होतं.

पानं वाढली. प्रफुल्लनं भातावर रस्सा घेतला, पहिला घास घातला आणि थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. वर्षभर तो त्या घासाला थांबून मान हलवायचा. या वेळी त्यानं मान हलवली नाही. घास गिळला आणि ताटातच बघत राहिला. बोटं तशीच भातात.

"आलं," तो म्हणाला. "जयू, आलं गं परत." आणि तो रडायला लागला. यार्डात क्रेनखाली उभा राहणारा माणूस, डाव्या हातानं डोळे पुसत होता.

सासूबाईंनी बोट चाटलं. "माझी सून मला परत मिळाली," त्या म्हणाल्या. "वर्स झालं, ह्या चवीची वाट बघत व्हते." संघर्षनं सरळ दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि बायकोला म्हणाला, "बघ, शीक जरा." साक्षी पोळीचा डबा उघडत होती. तिनं वर बघितलं नाही.

मी घास घेतला. ऊन होतं, मऊ होतं, आणि नंतर तिखट. बाकी काही नाही. त्या पंगतीत सगळ्यांना काहीतरी मिळालं होतं आणि ते काय होतं हे कळत नसलेली एकटी मीच होते. आणि सगळे बघत होते माझ्याकडेच. गप्प बसले असते तरी चाललं असतं. साक्षी काही बोलणार नव्हती, ती मेली तरी बोलली नसती. पुढच्या वर्षीही तिनं भाजला असता, मी कडी लावली असती, आणि माझं नाव वाडीत तसंच राहिलं असतं. मला ते हवं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते फार हवं होतं.

पण प्रफुल्ल रडत होता. तो आनंदानं रडत होता, मी परत आले म्हणून. आणि मी परत आले नव्हते. जी परत आली होती ती निराळीच बाई, त्याच्यासमोर बसली होती, नि ती कुणाला दिसत नव्हती.

"हे साक्षीनं केलंय," मी म्हणाले.

"असं कसं," सासूबाई म्हणाल्या. "मसाला तर तुझा हाय."

"मसालापन तिनंच केलाय. काल धणे मी करपवले. मला वास येत न्हाय. पडले तेव्हापासून येत न्हाय, काहीच येत न्हाय. मी इतके महिने खोटं बोलले. तिच्या हाताला चव हाय, पहिल्यापासून हाय, माझ्याएवढीच हाय." हे शेवटचं म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं.

प्रफुल्लचा हात हवेतच राहिला. संघर्ष आपल्या बायकोकडे असा बघायला लागला जशी ती आत्ताच पेणहून आली आहे. "साक्षी," तो म्हणाला, "तू केलंस हे?" तिनं मान हलवली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, तोंड दाबूनही न दाबता येणारं, चार वर्षांत मी तिथं कधी न बघितलेलं. खुशी. माझ्या पोटात पुन्हा पेटलं. इतकं बोलून, इतकं देऊन टाकून वर हेही बघायचं!

मी अजून एक घास घेतला. हळू चावला. वास गेला तरी जिभेला अजून चार गोष्टी कळतात, खारट, आंबट, गोड, कडू, आणि तिखट तर सगळीकडून कळतंच. इतरांची नाकं त्या मसाल्यानं भरली होती. माझी जीभ रिकामी होती.

"मीठ कमी हाय," मी म्हणाले.

"अगं, आता तरी..." प्रफुल्ल म्हणाला.

"कमी हाय."

साक्षीनं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या ताटातला रस्सा बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"व्हय," ती म्हणाली. "कमी हाय." आणि मीठ आणायला उठली.